फॉरमॅट मारण्याआधी

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मस्तान नाक्याला उतरून मनोरच्या बाजारपेठेकडे वळलं, की किराणा, खतं-बियाणं, मोबाइल रिचार्ज अशा दुकानांच्या ओळीत ‘आधारवर पैसे काढा’ ही पाटी दिसते. दुर्वेस, टेन, नांदगाव तर्फे मनोर आणि आतल्या पाड्यांवरची माणसं मजुरीचे, पेन्शनचे, लाडकी बहीण योजनेचे पैसे काढायला अशा ठिकाणी येतात. अनेकांकडे एटीएम कार्ड नसतं; अंगठा असतो. टेबलावर मुठीत मावेल एवढं यंत्र असतं आणि त्यातून निघालेली एक यूएसबी केबल संगणकात गेलेली असते. काचेवर अंगठा टेकला की खालून उजेड पडतो, ठसा जुळतो आणि दुकानदार नोटा मोजून हातात ठेवतो.

ज्या दिवशी तो उजेड पडत नाही, त्या दिवशी ‘मावशी, मशीन अंगठा घेत नाही, उद्या या’ एवढ्यावर काम संपतं. मावशीचं गाडीभाडं गेलेलं असतं आणि दिवसाचा रोजही बुडालेला असतो. संध्याकाळी संगणकाचं कॅबिनेट दुरुस्तीला जातं. तिथे पहिला सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारू.’ फॉरमॅटनेही जमलं नाही, तर दुसरा मिळतो, ‘बोर्ड गेला.’

हे दोन्ही निकाल अनेकदा तपासाआधीच दिलेले असतात, असं माझं मत आहे. संगणक नेमका कुठे अडला ते स्वतः सांगत असतो. त्यासाठी तो आकडा दाखवतो, ओळ छापतो. तो आकडा वाचण्याची सवय आपल्या दुरुस्तीच्या टेबलांना लागलेली नाही आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे सर्वांत कमी पैसे आहेत ती माणसं भरतात. म्हणून हा विषय मला तांत्रिक पुरवणीत टाकून देण्याजोगा वाटत नाही.

यूएसबीची पहिली प्रमाणित आवृत्ती जानेवारी १९९६मध्ये आली. त्यामागे इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, एनईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्या होत्या. इंटेलमध्ये या कामाचे प्रमुख शिल्पकार होते अजय भट्ट. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर झालेले. मनोरवरून जाणारा महामार्ग पुढे त्याच बडोद्याला जातो. २०१३मध्ये त्यांना युरोपियन इन्व्हेंटर पुरस्कार मिळाला. यूएसबीच्या आधी प्रिंटरला रुंद पॅरलल पोर्ट, माउसला सीरियल पोर्ट, कीबोर्डला गोल पिनचा वेगळा, असा संगणकाच्या पाठीमागे भोकांचा बाजार असायचा. भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच पोर्ट दिला आणि काहीही जोडलं तरी संगणकाने ते आपण होऊन ओळखावं, असं वचनही दिलं.

हे ओळखणं कसं होतं, ते समजलं की निम्मी दुरुस्ती समजते. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: एक ५ व्होल्टची, एक ग्राउंडची आणि माहितीच्या दोन. यंत्र जोडलं की ते माहितीच्या दोन तारांपैकी एक वर ओढतं, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज चढवतं. त्यावरून मदरबोर्डवरच्या कंट्रोलरला कळतं की कोणीतरी आलं. घरी अनोळखी पाहुणा आला की आधी नाव-गाव विचारतात, तसं मग बोर्ड विचारतो. यंत्र १८ बाइटची ओळख पाठवतं. तिच्यात ते बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक आणि त्या मॉडेलचा क्रमांक असतो. बोर्ड त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो. ही बोलणी पुरी होईपर्यंत यूएसबी २.०च्या यंत्राने १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज ओढायची नाही, असा नियम आहे. पुढे मंजुरी मिळाली की यूएसबी २.०वर ५०० आणि ३.०वर ९००पर्यंत. मग विंडोज ते दोन क्रमांक घेऊन आपल्या साठ्यात जुळणारा ड्रायव्हर शोधतं. म्हणजे आधी वीज, मग ओळख, मग ड्रायव्हर आणि शेवटी त्या ड्रायव्हरवर बसलेला प्रोग्राम. ड्रायव्हरचा नंबर तिसरा आहे, आणि नेमकं हेच विसरलं जातं.

विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि पिवळ्या खुणेखाली ‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ आणि कोड ४३ दिसला, तर अर्थ अगदी स्पष्ट आहे. वीज पोचली, यंत्राने तार ओढली, पण ती १८ बाइटची ओळख धड आली नाही. कंपनीचा क्रमांकच मिळालेला नाही, तर विंडोज ड्रायव्हर जुळवणार कशाशी? इथे ड्रायव्हरची सीडी पुन्हा पुन्हा चालवणं म्हणजे वेळ घालवणं. तपासायचं ते केबल, पोर्ट आणि वीज. यंत्र दुसऱ्या संगणकाला लावून पाहायचं. तिथेही कोड ४३च आला, तर दोष यंत्राचा किंवा त्याच्या केबलचा आणि आपलं कॅबिनेट निर्दोष.

आपल्याकडच्या हवेचा हिशोब इथे धरावा लागतो. पालघर तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. सातपाटी-केळव्याच्या बाजूला त्यात खारा वारा मिसळतो. पोर्टच्या आतल्या पातळ पट्ट्यांवर काळपट-हिरवा थर चढतो. कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट तर बोर्डवर नसतातच. ते एका बारीक वायरीने बोर्डवरच्या नऊ पिनांच्या जोडणीला टोचलेले असतात. रोज पेनड्राइव्ह घालून-काढून ते सैल होतात, आतली जीभ वाकते. म्हणून पुढचा पोर्ट चालत नसेल, तर पहिली गोष्ट म्हणजे यंत्र मागच्या, थेट बोर्डला झाळलेल्या पोर्टमध्ये लावणं. हब आणि लांब एक्स्टेन्शन मधून काढून टाकणं, कारण यूएसबी २.०ची केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नये असा दंडक आहे. मागे चाललं, तर बोर्ड शाबूत आहे आणि दोष त्या पुढच्या पट्टीपुरता आहे.

काही बोर्ड सुरू होतानाच काळ्या पडद्यावर इशारा देतात की यूएसबीमध्ये जादा प्रवाह सापडला, बोर्ड वाचवण्यासाठी १५ सेकंदांत संगणक बंद होईल. आणि तो खरंच बंद होतो. असं झालं की ‘बोर्ड गेला’ हा निकाल लगेच निघतो. खरं तर बोर्डने स्वतःला वाचवलेलं असतं. कुठल्या तरी पोर्टमध्ये ५ व्होल्टची पट्टी ग्राउंडला टेकलेली असते. कॅबिनेटची बाजू उघडायची, पुढच्या पोर्टची वायर बोर्डवरून उपसायची आणि पुन्हा सुरू करायचं. इशारा गेला, तर गुन्हेगार सापडला. नाही गेला, तर वीज काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, म्हणजे साठलेली वीज उतरते. मग मागचे पोर्ट टॉर्च लावून पाहायचे. थर चढला असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पाणी किंवा थुंकी लावलेला कपडा नको.

अर्थिंगकडे तर फार थोड्यांचं लक्ष असतं. अनवाणी उभं राहून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे अनेक गावांतल्या केंद्रांमध्ये नेहमीचं म्हणून सोडून दिलेलं आहे. भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला तार पोचलेली नसते, त्यामुळे एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, फिल्टरमधून गळणारं व्होल्टेज पत्र्यावर तरंगत राहतं. अशा संगणकाला वेगळ्या सॉकेटवर चालणारा प्रिंटर यूएसबीने जोडला, की दोन पत्र्यांमधला फरक त्या बारीक ग्राउंडच्या तारेतून वाहायला लागतो. पोर्ट एकेक करून मरतात. मग नवा बोर्ड येतो, तोही त्याच वाटेने जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून बोर्ड आणण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं, तर तो खर्च एकदाच होतो.

आता खऱ्या ड्रायव्हरच्या तक्रारीकडे येऊ. कोड २८ म्हणजे ओळख झाली, पण ड्रायव्हर बसवलेलाच नाही. ही चांगली बातमी आहे, कारण वीज आणि बोर्ड दोन्ही सुटले. त्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, त्यात हार्डवेअर आयडी, असं गेलं की कंपनी आणि मॉडेल हे दोन्ही क्रमांक दिसतात. खोक्यावरच्या नावापेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवावा. खोकं कोणाचंही असू शकतं, आतली चिप क्रमांकाने सापडते. ड्रायव्हर घ्यायचा तो बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून. एका पेनड्राइव्हमध्ये हजारो ड्रायव्हरांचा साठा घेऊन दुकानोदुकानी फिरवण्याची पद्धत मला धोक्याची वाटते. त्यातून चांगल्या चाललेल्या चिपसेटवर जुना ड्रायव्हर चढतो आणि सोबत व्हायरसही येतो. त्याच संगणकावर लोकांच्या बँकेचे व्यवहार चालतात. विंडोज प्रत्येक ड्रायव्हर बसवण्याच्या प्रयत्नाची नोंद आयएनएफ फोल्डरमधल्या एका फाइलमध्ये ठेवतं. ‘सेटअपएपीआय डेव्ह लॉग’ हे तिचं नाव. ती उघडून शेवटच्या ओळी वाचल्या, तर कुठल्या क्षणी काय नाकारलं गेलं ते तारखेसह सापडतं.

बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीकडे गेलं की याच विषयाचं वेगळं रूप भेटतं. तिथे यंत्रं जुनी आणि दीर्घायुषी असतात. त्यांना चालवणारा संगणक मात्र मध्येच मरतो. मग नवा बोर्ड येतो आणि त्यावर जुनंच विंडोज ७ बसवायचं ठरतं, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. इथे २०१५पासून एक पेच बसलेला आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने स्कायलेक प्रोसेसर आणि १०० मालिकेचे चिपसेट आणले. त्यातून यूएसबी २.०चा जुना कंट्रोलर काढून टाकला. सगळे पोर्ट नव्या एक्सएचसीआय कंट्रोलरवर गेले. विंडोज ७च्या मूळ डिस्कमध्ये त्याचा ड्रायव्हर नाही. तो विंडोज ८मध्ये, २०१२ साली, पहिल्यांदा आत आला. परिणाम असा, की पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलेशन सुरू होतं आणि पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड-माउस मरतात. वर संदेश येतो की सीडी-डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही. संदेश सीडीचा, दुखणं यूएसबीचं. कोणी डीव्हीडी ड्राइव्ह बदलतं, कोणी पेनड्राइव्ह बदलतं, कोणी बोर्डच परत करतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, याच कीबोर्डवर बटणं चालत होती, म्हणजे पोर्ट चांगला आहे, हे मात्र कोणी विचारात घेत नाही. उपाय म्हणजे बोर्डला गोल पीएस-२ पोर्ट असेल, तर जुना कीबोर्ड लावणं किंवा इन्स्टॉलेशनच्या प्रतिमेतच एक्सएचसीआयचा ड्रायव्हर मिसळणं. त्यासाठी इंटेलने आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी छोटे प्रोग्रामही दिले होते.

एवढं करून विंडोज ७ चढलंच, तर पुढे कोड ५२ भेटतो, म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही ओळखता येत नाही. ड्रायव्हर नवीन, त्याची सही एसएचए-२ पद्धतीची. आणि ती पद्धत समजण्यासाठीचे अपडेट विंडोज ७ला २०१५मध्ये आणि पुढे २०१९मध्ये मिळाले. जुन्या डीव्हीडीवरून नुकत्याच बसवलेल्या विंडोजमध्ये ते नसतात. आधी ते अपडेट, मग ड्रायव्हर. क्रम उलटा केला तर दिवसभर एकच चूक समोर येत राहते.

आणि वजनकाटा. महामार्गावर आणि वसाहतीच्या रस्त्यांवर ट्रक तोलणारे काटे आहेत. काट्याचा इंडिकेटर आकडा पाठवतो तो बहुतेक वेळा सीरियल पोर्टवरून. नव्या संगणकाला मागे तो पोर्ट नसतो, म्हणून मध्ये यूएसबी-टू-सीरियल कन्व्हर्टर लावतात. त्यातल्या स्वस्त कन्व्हर्टरांमध्ये प्रोलिफिकच्या चिपच्या नकला भरपूर फिरल्या. कंपनीने आपल्या नव्या ड्रायव्हरमध्ये नकली आणि बंद केलेल्या चिप ओळखून त्यांना नकार द्यायला सुरुवात केली. आधी नुसता कोड १० यायचा. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये यंत्राच्या नावाच्या जागीच ही चिप २०१२पासून बंद आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा, अशा अर्थाची ओळ दिसते. काल रात्रीपर्यंत चाललेला काटा सकाळी अपडेटनंतर बंद पडतो तो यामुळे. एफटीडीआय या दुसऱ्या चिप कंपनीने २०१४मध्ये याहून पुढची पायरी गाठली होती. विंडोज अपडेटमधून आलेला तिचा ड्रायव्हर नकली चिपमधला मॉडेल क्रमांकच शून्य करून टाकायचा, म्हणजे ती चिप कुठल्याच संगणकावर चालत नसे. टीका झाली तेव्हा तो मागे घेण्यात आला. नकलेचं समर्थन मी करत नाही. पण कारखान्याच्या फाटकावर ट्रकांची रांग लागलेली असताना, दोन कंपन्यांच्या भांडणात आपला काटा सापडला आहे, हे काटेवाल्याला कोणीतरी सांगायला हवं. तात्पुरता मार्ग म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर निवडणं. कायमचा मार्ग पुष्कळदा बोर्डवरच असतो. मागे पोर्ट नसला, तरी अनेक बोर्डांवर आत ‘कॉम’ नावाची पिनांची जोडणी दिलेली असते. तिला पट्टीची केबल लावली की खरा सीरियल पोर्ट मिळतो. मध्ये यूएसबी नाही, नकली चिप नाही, ड्रायव्हरचा रुसवा नाही.

कधी कधी दोष खरोखर बोर्डच्या घराण्यातच असतो, हेही मान्य करायला हवं. २०१३मध्ये इंटेलच्या ८ मालिकेच्या चिपसेटच्या पहिल्या खेपेत संगणक झोपेतून उठला की यूएसबी ३.०वरची काही यंत्रं हरवायची. पुढच्या खेपेत ते सुधारलं. २०२१च्या फेब्रुवारीत एएमडीने आपल्या ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी मध्येच तुटत असल्याचं मान्य केलं आणि एप्रिलमध्ये नव्या बायोसमधून दुरुस्ती दिली. अशा वेळी कितीही फॉरमॅट मारले तरी उपयोग नसतो. एएमडीसारख्या दोषावर बायोस अपडेट हाच उपाय. पण बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच मरू शकतो. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट कशी जाते-येते ते सगळ्यांना ठाऊक आहे. चांगल्या बॅटरीचा यूपीएस नसेल, तर हे काम थांबवावं.

२०२५च्या दिवाळीत तर मायक्रोसॉफ्टनेच धडा दिला. १४ ऑक्टोबर २०२५च्या विंडोज ११ अपडेटनंतर दुरुस्तीच्या पडद्यावर यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालेनात. विंडोजमध्ये सगळं ठीक, पण बिघाड झाला म्हणून दुरुस्तीच्या पडद्यावर गेलं की बटणच दाबता येत नाही. सहा दिवसांनी, २० ऑक्टोबरला, तातडीचा अपडेट आला. त्या सहा दिवसांत जगभर कित्येक निर्दोष कीबोर्ड बदलले गेले असतील.

आता पुन्हा मनोरच्या त्या टेबलाकडे. समजा डिव्हाइस मॅनेजरमध्ये अंगठ्याचं यंत्र नीट दिसतं, पिवळी खूण नाही, तरीही बँकेचं पान ‘डिव्हाइस नॉट रेडी’ म्हणतं. वीज, ओळख आणि ड्रायव्हर तिन्ही पास झाले. आता शेवटचा टप्पा. आधारच्या नियमांप्रमाणे ब्राउझर थेट यंत्राशी बोलत नाही. मध्ये आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्राम असतो. तो त्याच संगणकावर ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांपैकी एका पोर्टवर वाट पाहत बसतो. हा पोर्ट म्हणजे भोक नाही, संगणकाच्या आतला दरवाजा. अँटिव्हायरसने तो अडवला, सर्व्हिस सुरूच झाली नाही किंवा तिची वार्षिक मुदत संपली, तर अंगठा लागत नाही. मुदत संपलेल्या सर्व्हिसवर फॉरमॅट हा इलाज असूच शकत नाही, पण तोही केला जातो.

या सगळ्यात एक कारण इतकं साधं आहे, की ते सर्वांत शेवटी सापडतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालतं ते त्याच्यावर. तो संपला आणि रात्री लाईट गेली, की सकाळी तारीख काही वर्षं मागे गेलेली असते. मागच्या तारखेला आजची सुरक्षा प्रमाणपत्रं लागू नसतात, म्हणून बँकेची पानं उघडत नाहीत. अंगठ्याच्या ठशावर वेळेचा शिक्का असतो. तो जुना निघाला तर आधारकडून ५६१ हा त्रुटीचा क्रमांक येतो, पुढचा निघाला तर ५६२. कुठल्याही टप्प्यावर यंत्राचा दोष नसतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहिली, तरी कारण कळतं. इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळणाऱ्या सेलने ते बरं होतं. दिवसभर परत पाठवलेल्या माणसांचा हिशोब मात्र कोणाच्याच वहीत येत नाही.

ग्रामपंचायतीत असंच टोकनचं होतं. पालघर जिल्हा २०१४मध्ये वेगळा झाला तो दाखले, निविदा, वित्त आयोगाचा निधी सगळं ऑनलाइन जात असतानाच्या काळात. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीच्या ग्रामसेवकाची) डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते आणि बिल निघतं ते तिच्यावर. टोकन ओळखलं जात नाही म्हणून संगणक फॉरमॅट केला, तर फार तर जुन्या फाइली जातात. पण घाईत कोणी टोकनच्या प्रोग्राममधलं ‘इनिशिअलाइज’ दाबलं, तर सहीच पुसली जाते; नवी घ्यावी लागते आणि तोवर पाणीपुरवठ्याचं बिल अडून राहतं. यांपैकी बरीच टोकनं लावल्याबरोबर छोट्या सीडीसारखी दिसतात, कारण त्यांचा ड्रायव्हर त्यांच्याच पोटात असतो. ती सीडी दिसली, तर टोकन जिवंत आहे आणि पोर्टही चांगला आहे. तेवढं पाहून थांबावं आणि आतला ड्रायव्हर चालवावा.

जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये संगणकाचं शिक्षण घेणाऱ्या मुलांना हे सगळं शिकवायला एक टेबल पुरेल. त्यावर एक भंगारातला बोर्ड, मुद्दाम वाकवलेली जीभ असलेला पुढचा पोर्ट, संपलेला सेल, नकली कन्व्हर्टर आणि मुदत गेलेलं अंगठ्याचं यंत्र ठेवावं. परीक्षेत मुलाने आधी कोड वाचून कागदावर लिहावा, मग हात लावावा. आणि मनोर, विक्रमगड, जव्हारच्या केंद्रचालकांनी कॅबिनेट दुरुस्तीला देताना तोच कागद सोबत द्यावा: पडद्यावरचा क्रमांक, मागच्या पोर्टमध्ये लावून पाहिलं का, तारीख बरोबर आहे का. दुरुस्ती करणाऱ्यानेही पावतीवर नुसतं ‘फॉरमॅट’ न लिहिता दोष कुठे सापडला ते लिहावं. ते लिहिलं नसेल, तर केंद्रचालकाने पैसे देण्याआधी विचारावं.